हार्डवेअर वॉलेट संगणकाला जोडताना: 'ब्रिज' लागतो का, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं आणि विश्वास कशावर ठेवायचा

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मेहुण्याने दुबईहून ट्रेझर सेफ ३ हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं उपकरण, आणून दिलं. लॅपटॉपला लावलं तर फायरफॉक्समध्ये ते दिसतच नाही. गुगलवर शोधलं, पहिल्याच दुव्यावर 'ट्रेझर ब्रिज' उतरवून घ्या असं सांगितलं होतं. फाइल उतरवली आहे, अजून चालवलेली नाही. ती चालवू का? ऑफिसच्या लॅपटॉपवर केलं तर चालेल का? आणि सगळं नीट लावायचा क्रम काय?

आधी तातडीचं. ती फाइल चालवू नका, डिलीट करा, रीसायकल बिनमधूनही काढून टाका. नुसती उतरवून पडलेली फाइल आपणहून काही करत नाही, तेव्हा घाबरण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. त्या पानावर तुम्ही एखाद्या चौकटीत काही भरलं असेल, विशेषतः वॉलेटचे शब्द (वॉलेट सुरू करताना मिळणारे, ज्यांवरून अख्खं वॉलेट परत उभं करता येतं ते), तर मात्र फाइल न चालवता ठेवून द्या आणि आधी या उत्तराचा शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे त्यावर लिहिलं आहे.

मी मुंबई-ठाण्यात लोकांना अशी वॉलेट लावून देतो, बिघडलेली प्रकरणंही बघतो. फसलेली माणसं बहुतेक एकाच क्षणी फसलेली असतात: केबल लावली आणि उपकरण दिसलं नाही, त्या क्षणी. त्याआधी माणूस सावध असतो. उपकरण दिसत नाही म्हटलं की त्याचा धीर सुटतो, तो शोधायला लागतो, आणि त्याच शब्दांवर जाहिराती देऊन चोर बसलेले असतात. 'ट्रेझर ब्रिज डाउनलोड', 'लेजर लाइव्ह लॉगइन', 'ट्रेझर कस्टमर केअर नंबर'. (लेजर ही अशीच वॉलेट बनवणारी दुसरी कंपनी, लेजर लाइव्ह हे तिचं ॲप.) यातल्या 'लॉगइन' या शब्दावरूनच खोटेपणा ओळखता येतो, कारण या वॉलेटना लॉगइन नावाचा प्रकार नसतो. ना युजरनेम, ना पासवर्ड, ना ओटीपी. उपकरण लावायचं, त्यावर पिन टाकायचा, झालं. लॉगइन मागणारं कुठलंही पान बनावट समजा.

आता ब्रिज म्हणजे काय ते. ब्राउझरमधलं पान सहसा थेट यूएसबीला हात लावू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून ट्रेझर बनवणाऱ्या प्रागच्या सतोशीलॅब्ज कंपनीने एक छोटा प्रोग्रॅम दिला होता. तो मागे चालू राहतो, संगणकाच्या आतल्या आत २१३२५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो, आणि ब्राउझर व उपकरण यांच्यात निरोपांची ने-आण करतो. तुमची गुप्त किल्ली त्याच्यातून जात नाही. ती उपकरणातच राहते. पुढे क्रोम आणि एजसारख्या ब्राउझरमध्ये वेबयूएसबीची, म्हणजे पानाला थेट यूएसबीशी बोलू देणारी सोय आली, त्यामुळे तिथे ब्रिजशिवायही काम होतं. फायरफॉक्स आणि सफारीत ती सोय नाही. तुमचं उपकरण फायरफॉक्सला दिसलं नाही ते यामुळेच. उपकरणात बिघाड नाही.

आणि मुख्य गोष्ट: वेगळा ब्रिज आता लागतच नाही. कंपनीनेच तो मोडीत काढलाय आणि पूर्वी टाकलेला असेल तर काढून टाका असं सांगते. ट्रेझर स्वीट नावाचं डेस्कटॉप ॲप आहे, त्याच्या पोटातच ब्रिज येतो. म्हणजे आज 'स्वतंत्र ब्रिज उतरवा' असं सांगणारं पान एक तर जुनाट आहे किंवा चोराचं आहे. आपल्यासाठी दोन्हींचं उत्तर एकच, खिडकी बंद करायची.

तर स्वीट कुठून घ्यायचं? शोधून नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता स्वतः टाईप करायचा: टी-आर-ई-झेड-ओ-आर, मग डॉट, मग आय-ओ. खोक्यातल्या कागदावरही हाच असतो. लेजर असेल तर एल-ई-डी-जी-ई-आर डॉट कॉम. एकदा बरोबर उघडलं की बुकमार्क करा आणि पुढे तिथूनच जा. हे म्हाताऱ्या माणसाला सांगितल्यासारखं वाटेल, पण २०२२ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते ऐका. मेलचिंप या मेल पाठवणाऱ्या सेवेतून ट्रेझरच्या ग्राहकांचे ईमेल पत्ते चोरीला गेले. लोकांना मेल आला: आमच्याकडे चोरी झाली आहे, नवं स्वीट उतरवा, पिन बदला. दुव्यातला पत्ता जवळजवळ खरा होता, फक्त त्यातल्या ई या अक्षराखाली एक बारीक टिंब होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर ते धुळीच्या कणासारखं दिसतं. हुशार माणसाचीही नजर त्यावरून घसरेल. पत्ता स्वतः टाईप केला तर ते टिंब येण्याचा प्रश्नच नाही.

ॲप स्टोअरवर मिळालं म्हणजे खरं, असंही नाही. २०२१ मध्ये ॲपलच्या स्टोअरवर ट्रेझरच्या नावाचं बनावट ॲप होतं. त्यात शब्द भरणाऱ्या एका माणसाचे १७.१ बिटकॉइन गेले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर 'लेजर लाइव्ह वेब३' नावाचं बनावट ॲप चढलं आणि ते काढेपर्यंत साधारण १६.८ बिटकॉइन गिळून बसलं. दोन्ही कंपन्या जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी, आणि त्यांच्या दुकानात हे झालं. म्हणून मोबाइलवरही स्टोअरमध्ये नाव टाकून शोधू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून दुवा उघडून स्टोअरमध्ये जा.

फाइल उतरली की चालवण्याआधी एक मिनिट द्या. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब. तिथे कंपनीचं नाव दिसायला हवं. टॅबच नसेल, किंवा भलत्याच कुणाचं नाव असेल तर तिथेच थांबायचं. विंडोजने 'अनोळखी प्रकाशक' म्हटलं, किंवा मॅकने बनवणारा ओळखीचा नाही म्हणून उघडायला नकार दिला, तर यूट्यूबवर बघून तो अडसर बाजूला सारू नका. तो अडसर अशा वेळेसाठीच ठेवलाय. याहून खोलात जायचं असेल तर कंपनी फाइलसोबत जीपीजी सहीही देते (फाइल तिचीच आहे हे एका किल्लीने पडताळायची डिजिटल सही), ती तपासता येते. पण माझं स्पष्ट मत: ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरून सहीची किल्ली घेऊन तपासणी केली, तर फारसं काही साधत नाही. पान खोटं असेल तर किल्लीही खोटीच असणार. किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दुसऱ्या ठिकाणाहून पडताळायची तयारी असेल तरच तो खटाटोप करा. नाही तर पत्ता स्वतः टाईप करणं आणि विंडोजची सही बघणं, हे दोन्ही नेमाने करा.

ऑफिसच्या लॅपटॉपचं विचारलंत. नको. तिथे ॲडमिनचा हक्क कंपनीच्या आयटी खात्याकडे असतो, बऱ्याच ठिकाणी पडद्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, यूएसबी बंद असते, आणि नोकरी सुटली तर लॅपटॉप जागेवर परत द्यावा लागतो. चोरी होईलच असं नाही, पण तुमची शिल्लक कुणी कुणी बघितली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग घरचा संगणक. इथे मला खरी काळजी वाटते. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला पीसी म्हटला की त्यात विंडोज आणि ऑफिस बऱ्याचदा 'करून दिलेलं' असतं, म्हणजे क्रॅक मारलेलं. दुकानदार त्याचे वेगळे पैसे घेत नाही, आपण खूश. पण विंडोज फुकट चालू करणाऱ्या केएमएसपिको नावाच्या साधनाच्या बनावट आवृत्त्यांतून क्रिप्टबॉट नावाचा चोर प्रोग्रॅम पसरत असल्याचं रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये दाखवून दिलं. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती उचलतो. अशा संगणकावर हार्डवेअर वॉलेट लावायचं म्हणजे तिजोरी आणायची आणि ती चोराच्याच खोलीत ठेवायची. परवान्याचं विंडोज कोरं टाकून घ्या, किंवा जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाका. लिनक्सवर उपकरण दिसण्यासाठी 'युडेव्ह रूल्स' नावाची एक फाइल बसवावी लागते. ती ट्रेझरच्या संकेतस्थळावरच मिळते. रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं साधं खातं ठेवा. पोरांचे गेम आणि त्यांचे मॉड दुसऱ्या खात्यावर, जमल्यास दुसऱ्या यंत्रावर.

मशीन साफ आहे, स्वीट खरं आहे, तरी उपकरण दिसत नाही, असं झालं तर आधी केबल बदला. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. बाजारात चार्जिंगपुरत्या केबली सर्रास मिळतात, त्यातून वीज जाते पण माहिती जात नाही. उपकरणाची स्क्रीन उजळते, म्हणून माणसाला वाटतं केबल ठीक आहे. खोक्यात आलेली केबलच वापरा आणि यूएसबी हब मध्ये न घालता थेट लॅपटॉपला लावा. मग बघा, जुना सुटा ब्रिज कधी टाकला होता का. असेल तर विंडोजच्या ॲप्सच्या यादीतून काढा, कारण एकाच पोर्टवर दोघं भांडतात. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी उपकरण धरून ठेवलं तरी हेच होतं. लेजरवाल्यांना हे फार छळतं: मागे लेजर लाइव्ह (नव्या आवृत्तीत त्याचं नाव लेजर वॉलेट झालंय) उघडं आणि ब्राउझरमधलं मेटामास्क हे इथेरियमचं वॉलेट म्हणतंय की उपकरण सापडत नाही. एक बंद करा, उपकरणाचा पिन टाका, त्यावर इथेरियमचं ॲप उघडा, मग पुन्हा बघा. फायरफॉक्सच हवं असेल तर स्वीटचं डेस्कटॉप ॲप मागे चालू ठेवा, त्यातला ब्रिज ते काम करतो. पण खरं सांगू, ब्राउझरचा नाद सोडा. डेस्कटॉप ॲप वापरा. खोट्या पानांचा अख्खा धोकाच त्यात संपतो.

या सगळ्यात फोनवरून मदत मागू नका. ट्रेझर आणि लेजर या दोन्ही कंपन्या ग्राहकाला आपणहून फोन करत नाहीत. 'एनीडेस्क टाका, मी बघतो' (एनीडेस्क म्हणजे तुमचा संगणक दुरून चालवू देणारं ॲप) म्हणणारा कितीही गोड हिंदीत बोलला तरी फोन ठेवा.

आता तुमच्या खोक्याविषयी. मेहुण्याने ते कुठून घेतलं ते विचारा. कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या यादीतल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं असेल तर उत्तम. एखाद्याने जुनं विकलं असेल, किंवा ऑनलाइन बाजारात स्वस्त मिळालं असेल, तर माझ्या मते ते वापरूच नका. सेफ ३ च्या यूएसबीच्या तोंडावर होलोग्रामचं सील असतं. ते शाबूत असावं, पण नुसत्या सीलवर भरवसा ठेवू नका. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये एक प्रकरण उलगडलं: एका माणसाने छोट्या जाहिरातीतून ट्रेझर मॉडेल टी घेतलं, सील वगैरे सगळं जागच्या जागी होतं. आतली चिप मात्र बदललेली होती. उपकरण नवे शब्द बनवल्यासारखं दाखवायचं, पण प्रत्यक्षात चोरांनी आधीच तयार ठेवलेल्या वीस संचांपैकी एक द्यायचं. वॉलेट संगणकाला जोडलेलंही नव्हतं आणि त्यातून १.३३ बिटकॉइन निघून गेले. त्या मॉडेलमध्ये वेगळी सुरक्षा चिप नव्हती. तुमच्या सेफ ३ मध्ये ती आहे, आणि स्वीट पहिल्या जोडणीला तिच्याकडून उपकरण अस्सल असल्याची खात्री करून घेतं. ती पायरी घाईत ओलांडू नका. दुसरी खूण: नवं ट्रेझर फर्मवेअरशिवाय, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरशिवाय येतं, ते स्वीट टाकतं. तुमच्यात आधीच फर्मवेअर असेल तर स्वीट विचारतं की हे आधी वापरलं होतं का. 'नाही' हे उत्तर असूनही फर्मवेअर आहे, तर पुढे जाऊ नका. आणि खोक्यात शब्द आधीच लिहिलेलं किंवा स्क्रॅच करायचं कार्ड असेल, तर ते उपकरण उघड उघड सापळा आहे.

शब्दांवर येतो. शब्द उपकरणाच्या स्क्रीनवर दिसतात. नव्या ट्रेझरमध्ये २०, काही पर्यायांत १२ किंवा २४, लेजरमध्ये २४. ते कागदावर पेनाने लिहायचे. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं नाही, गुगल ड्राइव्ह नाही, ऑफिसचा झेरॉक्स तर नाहीच नाही. पुढे कधी ते शब्द परत भरायची वेळ आली तर सेफ ३ वर ते उपकरणाच्याच दोन बटनांनी भरता येतात. कंटाळवाणं आहे, पण म्हणूनच एक नियम पाळता येतो: तुमच्या उपकरणाच्या बाबतीत कीबोर्डवर एकही शब्द टाईप करायची वेळ कधीच येत नाही. ॲप खरं असो वा खोटं, ज्याने कीबोर्डवर शब्द मागितले तो चोर. (जुन्या मॉडेल वनमध्ये शब्द उलटसुलट क्रमाने संगणकावर भरायची पद्धत होती. ते तुमच्याकडे नाही, त्यामुळे सोडून द्या.) २०२५ मध्ये मॅकवर असे व्हायरस आढळले की जे संगणकातलं खरं लेजर लाइव्ह काढून त्याच्या जागी हुबेहूब बनावट बसवतात, आणि मग 'संशयास्पद व्यवहार झालाय, खात्री करण्यासाठी २४ शब्द भरा' असं म्हणतात. सहा महिने रोज वापरलेल्या ॲपनेच हे विचारलं तर माणूस भरतो. वरचा नियम पक्का असेल तर भरत नाही.

कागद पावसाळ्याचा विचार करून ठेवा. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं त्यांना कपाटातल्या कागदपत्रांचं काय होतं हे सांगायला नको. शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवणं चांगलं. ठोकायचे अक्षरांचे पंच नागदेवी स्ट्रीटला मिळतात. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत संच मागा, पट्टी कुठल्याही फॅब्रिकेटरकडून कापून घ्या. भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडे हे काम नेऊ नका. मला एकाने हे खरंच विचारलं होतं. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे चार अक्षरं ठोकलीत तरी पुरतात. पट्टी एक घरी, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि घरातल्या एका माणसाला माहीत असावं की हे काय आहे. बँकेच्या खात्यासारखं इथे नॉमिनी नाव लावायची सोय नाही.

शब्द लिहिल्यावर स्वीटमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे, ती जरूर वापरा. उपकरण शब्द परत मागतं आणि जुळतात की नाही सांगतं. हे पैसे यायच्या आधी करायचं. आणखी धीर असेल तर उपकरण पूर्ण पुसून शब्दांवरून परत उभं करून बघा. वॉलेट रिकामं असताना यात काहीच जात नाही.

इथपर्यंतचं सगळं खरं सॉफ्टवेअर मिळवण्याविषयी झालं. माझा खरा मुद्दा पुढे आहे. सॉफ्टवेअर खरं असलं तरी त्याच्यावर विसंबायचं नाही.

हार्डवेअर वॉलेटची रचनाच मुळात संगणकावर अविश्वास दाखवून केलेली आहे. किल्ली उपकरणात, व्यवहार मंजूर करणारी सहीही उपकरणात. ॲप फक्त शिल्लक दाखवतं आणि व्यवहाराचा मसुदा बनवतं. त्यामुळे बिघडलेल्या ॲपला तुम्हाला लुटायला तीनच वाटा उरतात: शब्द मागणं, कॉइन ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता बदलणं, आणि तुम्हाला न समजणाऱ्या गोष्टीवर सही घेणं. शब्दांचं वर झालं. उरलेल्या दोन्हींवर उपाय एकच, उपकरणाची ती छोटीशी स्क्रीन.

पत्ता बदलण्याचे व्हायरस जुने आहेत. तुम्ही पत्ता कॉपी करता, पेस्ट होताना चोराचा पत्ता पडतो. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं मिळतीजुळती असणारे पत्तेही बनवता येतात, त्यामुळे 'पहिली चार, शेवटची चार' बघून भागत नाही. पैसे घेताना स्वीटमध्ये 'रिसीव्ह'वर गेलात की पूर्ण पत्ता उपकरणावर दिसतो. तो आणि एक्सचेंजच्या (जिथे कॉइन विकत घेतले त्या बाजाराच्या) पानावर पेस्ट झालेला पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा. पाठवताना उपकरणावर दिसणारा पत्ता आणि रक्कम, समोरच्याने दिलेल्या मूळ पत्त्याशी. स्क्रीन लहान आहे, चष्मा लावावा लागतो, लागू दे. एक्सचेंजवरून पहिल्यांदा हलवताना छोटी रक्कम पाठवा, पोहोचली की मग उरलेली. शुल्क दोनदा पडेल, पडू द्या. नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जाणार ती, निवडताना घाई करू नका, चुकीच्या नेटवर्कवर गेलेलं परत आणणं कठीण असतं. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नव्हे, पण खरेदीची तारीख आणि किंमत यांचे कागद उतरवून ठेवा. पुढे विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस यांचा हिशेब त्यावरूनच लागतो, आणि एक्सचेंज तोपर्यंत चालू असेलच असं नाही.

तिसरी वाट सगळ्यात महाग पडलेली आहे, आणि मुंबईकरांना ती जवळून माहीत आहे. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये गेले. त्या वॉलेटला अनेक सह्या लागत होत्या. कंपनीच्याच निवेदनानुसार तिच्या सहीदारांकडे लेजरची हार्डवेअर वॉलेट होती, पण पडद्यावर जे दिसत होतं आणि प्रत्यक्षात ज्यावर सही होत होती ते वेगळं होतं. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या परदेशी एक्सचेंजमधून जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले. तिथेही सही करणाऱ्यांसमोरच्या वेब ॲपमध्ये चोरांनी कोड घुसवला होता. पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला, उपकरणावर न वाचता येणारी आकड्यांची ओळ दिसली, आणि त्यांनी सही केली. दोन्हीकडे किल्ली उपकरणातून बाहेर गेलीच नव्हती. हार्डवेअर वॉलेट घेतलं म्हणजे सुटलो, असं कुणी म्हटलं की मी ही दोन नावं घेतो.

तुमच्यासारख्या ठेवून देणाऱ्या माणसाला याचा अर्थ सोपा आहे. स्वीट वापरून फक्त घ्यायचं आणि पाठवायचं, म्हणजे उपकरणावर नेहमी वाचता येईल असा पत्ता आणि रक्कम दिसते. डीफाय (बँकेविना क्रिप्टोची देवघेव करणारी ॲप), एअरड्रॉप (फुकट वाटले जाणारे कॉइन), 'वॉलेट कनेक्ट करा' म्हणणारी संकेतस्थळं यांच्यापासून ते खातं लांब ठेवा. तिथे खेळायचंच असेल तर वेगळं खातं, त्यात घालवायची तयारी असेल एवढेच पैसे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लेजरच्याच कनेक्ट किट नावाच्या जोडणीच्या कोडमध्ये एका माजी कर्मचाऱ्याच्या खात्यातून चोरकोड घुसला होता. काही तासांत काढला, तोवर सुमारे सहा लाख डॉलर गेले. कंपनी खरी, कोड खरा, संकेतस्थळं खरी, आणि तरी. उपकरणावर काय लिहिलंय ते कळत नसेल तर 'रिजेक्ट'चं बटन दाबायचं. लेजरमध्ये 'ब्लाइंड सायनिंग', म्हणजे मजकूर न वाचता सही करणं, मुळात बंद असतं, कुणी चालू करायला सांगितलं तर का ते आधी विचारा.

अपडेटबद्दल थोडक्यात: ॲपनेच ॲपच्या आत सांगितलं तर करा, मेलमधून कधीही नाही. फर्मवेअर बदलण्याआधी शब्दांची पट्टी जवळ आहे ना बघा. पासफ्रेजचा, म्हणजे शब्दांवर आणखी एक गुप्त शब्द लावायचा प्रकार आत्ता टाळा. तो विसरून स्वतःचेच पैसे कायमचे बंद करून बसलेले लोक मी पाहिलेत.

एक गोष्ट लोक विचारत नाहीत, ती म्हणजे खाजगीपणा. स्वीट शिल्लक दाखवायला कंपनीच्या सर्व्हरला तुमचे पत्ते विचारतं, म्हणजे तुमच्याकडे एकूण किती आहे हे त्या सर्व्हरला कळू शकतं. चोरी यातून होत नाही. सुरुवातीलाच माहिती गोळा करण्याची परवानगी बंद करा, आणि सेटिंगमधला टॉरचा (तुमचा इंटरनेटचा पत्ता लपवणाऱ्या जाळ्याचा) पर्याय चालू ठेवला तरी चालेल. स्वतःचा सर्व्हर जोडायचीही सोय आहे, पण ते दोन-तीन महिने हे सगळं हाताखालून गेल्यावर बघा. मोठा धोका पार्सलचा आहे. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली, त्यात सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर होते. नंतर काहींच्या घरी बनावट उपकरणंही टपालाने आली, 'तुमचं जुनं असुरक्षित आहे, हे वापरा' अशा चिठ्ठीसह. तुमचं मेहुण्याच्या हातून आलं, हे या बाबतीत बरंच झालं. सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये नोंद नाही, वॉचमनने नाव वाचलेलं नाही. पुढे केबल किंवा दुसरं उपकरण मागवाल तर वेगळा ईमेल वापरा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाला ट्रेझरबद्दल माहिती आहे का' असं विचारू नका.

आता, शब्द कुठल्या पानावर किंवा ॲपमध्ये भरले गेले असतील तर. पिन बदलून उपयोग नाही, उपकरण रीसेट करून तेच शब्द भरूनही नाही. ते शब्द जळाले. चोराचा प्रोग्रॅम अनेकदा काही मिनिटांत पैसे ओढतो, पण कधी रक्कम वाढायची वाट बघत थांबतो, म्हणून अजून शिल्लक दिसतेय यावर जाऊ नका. दुसरं उपकरण हाताशी असेल तर वेगळ्या, साफ संगणकावर त्यात नवे शब्द बनवून लिहून घ्या आणि पैसे तिकडे हलवा. ते नसेल किंवा तेवढा वेळ नसेल तर एक्सचेंजवरच्या तुमच्या स्वतःच्या खात्याचा पत्ता घ्या, आणि उरलेलं सगळं तिकडे पाठवा. उपकरण पुसल्यावर जुन्या पत्त्यांवरचे पैसे हलवायला जुने शब्द लागतील, तेव्हा उपकरण एकच असेल तर आधी एक्सचेंजवर पाठवा, मग पुसा आणि नवे शब्द बनवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका. व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक), पैसे गेले तो चोराचा पत्ता, त्या पानाचा स्क्रीनशॉट, उतरवलेली फाइल असेल तर तीही जपून ठेवा. पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. ते एखाद्या नोंदणीकृत एक्सचेंजवर पोहोचले आणि तक्रार वेळेत गेली तर गोठवता येण्याची शक्यता असते. 'आम्ही तुमचे कॉइन परत आणून देतो, आधी थोडं शुल्क भरा' असे संदेश त्यानंतर दोन-चार दिवसांत येऊ लागतील. त्यांना उत्तर देऊ नका.